इंजिनिअरिंग अर्ध्यावर असताना विद्यापीठ बदलायचंय? बडोद्यातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

वाघोडिया रोडवरच्या एखाद्या जीटीयू-संलग्न कॉलेजातल्या मुलाला कलाभवनात जायचं असेल तर रिक्षाने अर्धा-पाऊण तास. राजकोटच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं असेल तर बसने निम्मा दिवस. कागदोपत्री मात्र राजकोट जवळ आहे आणि कलाभवन लांब. राजकोटचं कॉलेज त्याच गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचं, म्हणजे तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा आणि तोच एनरोलमेंट नंबर. कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं, तिथे सगळंच वेगळं.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "काका, तिकडे जागा मिळेल का?" जागेचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न हा, की मुलाने आतापर्यंत शिकलेले विषय नवं विद्यापीठ किती मोजणार? जागा मिळाली आणि विषय मोजले गेले नाहीत, तर तिसऱ्या सेमिस्टरचा मुलगा पहिल्या सेमिस्टरचे पेपर देत बसतो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा विषयांच्या जुळणीला दिली आहे.

आपण नेमके कोणाचे विद्यार्थी आहोत?

प्रश्न बावळट वाटेल, पण कॉलेजचं नाव पाठ असलेल्या मुलांनाही पदवीवर कोणाचा शिक्का येणार ते कधी कधी माहीत नसतं. बडोदा आणि परिसरात तीन प्रकार आहेत.

एक, महाराजा सयाजीराव विद्यापीठ. कलाभवन 1890 चं, विद्यापीठ 1949 चं. तिथली फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग हा विद्यापीठाचाच भाग आहे. ते संलग्न कॉलेज नाही आणि जीटीयूचा त्याच्याशी संबंध नाही. दोन, 2007 साली स्थापन झालेल्या जीटीयूला जोडलेली सरकारी, अनुदानित आणि सेल्फ-फायनान्स कॉलेजं. तीन, खाजगी विद्यापीठं. पारुलचं उदाहरण घ्या. 2015 मध्ये विद्यापीठ होण्याआधी तिथली कॉलेजं जीटीयूकडेच होती, त्यामुळे मोठ्या भावाच्या मार्कशीटवर जीटीयू आणि धाकट्याच्या मार्कशीटवर पारुल, असं एकाच घरात पाहायला मिळतं. मोठ्या भावाच्या वेळचे नियम धाकट्याला लागू नाहीत, हे अशा घरांत आधी सांगावं लागतं.

यात एक पोटभेद आहे. स्वायत्त कॉलेज असेल तर पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या. अशा कॉलेजातून त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात जातानाही विषय जुळवावे लागतात. "एकाच युनिव्हर्सिटीत तर जायचंय" या भरवशावर राहू नका.

कारण काय, ते आधी घरात ठरवा

वडिलांची बदली, आजारपण, घरची परिस्थिती ही कारणं कागदाने सिद्ध होतात. बदलीचा आदेश, हॉस्पिटलची कागदपत्रं जोडता येतात, आणि अर्ज वाचणाऱ्याचं मनही त्याला अनुकूल असतं. "कॉलेज चांगलं नाही" किंवा "प्लेसमेंट होत नाही" ही कारणं खरी असली तरी बदलीच्या अर्जात त्यांना वजन नाही. उलट जुन्या कॉलेजची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, त्यामुळे अडते.

तिसरं कारण ब्रांचचं. सिव्हिल मिळालं, मन कॉम्प्युटरमध्ये. इथे विद्यापीठ बदलायची गरजच नसते. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या निकालानंतर, रिकाम्या जागांवर, गुणवत्तेनुसार त्याच कॉलेजात ब्रांच बदलता येते. तो अर्ज आधी करा. ब्रांच आणि विद्यापीठ दोन्ही एकाच फटक्यात बदलायचं म्हटलं की विषयांची जुळणी जवळजवळ कोलमडते, त्यामुळे असा अर्ज बहुतेक ठिकाणी दारातूनच परत येतो.

आत जायच्या वाटा

पहिली वाट म्हणजे सरळ बदली. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या आरंभी, म्हणजे विषम सेमिस्टर सुरू होताना, नव्या ठिकाणी त्या ब्रांचमध्ये रिकामी जागा असेल तर. रिकामी म्हणजे मंजूर प्रवेशक्षमतेच्या आत रिकामी. प्राचार्यांनी मनात आणलं म्हणून एक बाक वाढवता येत नाही. ओळखीपाळखी इथेच थांबतात. सेल्फ-फायनान्समधून सरकारी किंवा अनुदानित जागेवर सरळ बदली ही सगळ्यांत अरुंद वाट. मेरिटने तिथे आलेल्या मुलांवर तो अन्याय ठरतो, म्हणून नियम तिथे कडक असतात, आणि ते बरोबरच आहे. शेवटच्या वर्षात कोणी घेत नाही.

दुसरी वाट डिप्लोमावाल्यांची. तिला बदली म्हणत नाहीत, पण विद्यापीठ बदलायची सर्वांत स्वच्छ संधी हीच आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश. गुजरातेत हे काम अहमदाबादची प्रवेश समिती, म्हणजे एसीपीसी, करते. 2024 पासून त्यासाठी डीडीसीईटी ही परीक्षा आहे. एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, तिच्या निकषांत किमान 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 40. जीटीयूचा डिप्लोमा करून कलाभवनात किंवा सयाजीराव विद्यापीठाच्या (एमएसयू) पॉलिटेक्निकमधून जीटीयूच्या कॉलेजात जाणारी मुलं याच वाटेने जातात, आणि तिथे पहिल्या वर्षाच्या जुळणीचा प्रश्नच येत नाही. बारावीला गणित असलेल्या बीएस्सी पदवीधरांनाही एआयसीटीईच्या निकषांप्रमाणे दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे. हे फार कमी घरांत माहीत असतं. त्या वर्षीच्या राज्याच्या माहितीपुस्तिकेत ते कसं घेतलंय तेवढं तपासा.

तिसरी वाट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून लागोपाठ तीन वर्षं देता येते, अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठ दोन वर्षं. एनआयटी आणि आयआयटीमध्ये बाहेरून दुसऱ्या वर्षात बदलून जाणं हा प्रकार नाही. तिथे जायचं तर परीक्षा देऊनच. सुरतच्या एसव्हीएनआयटीत निम्म्या जागा गुजरातच्या मुलांना असतात आणि गुजरातचा कोण, ते बारावी कुठून झाली यावर ठरतं. घर मूळ साताऱ्याचं असो की रत्नागिरीचं, बारावी बडोद्यात झाली असेल तर मुलगा गुजरातचा.

"एक वर्ष फुकट जाईल" म्हणून ही तिसरी वाट घरात कोणी बोलूच देत नाही. माझं मत वेगळं आहे. मुलगा अजून पहिल्या वर्षात असेल आणि त्याला ब्रांच, कॉलेज दोन्ही बदलायचं असेल, तर तडजोडीची बदली करून पाच-सहा जादा विषय उरावर घेण्यापेक्षा नवा प्रवेश बरा. जादा विषय नेहमीच्या विषयांबरोबर द्यावे लागतात, दोन्हींचं नुकसान होतं, आणि शेवटी वर्ष जातंच. दुसरं वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला मात्र मी हे सांगणार नाही. त्याने तिथेच पदवी पुरी करावी आणि गेट देऊन एमटेकला हवं तिथे जावं.

विषयांची जुळणी: खरं काम इथे आहे

हे काम विद्यापीठाची समिती करते, पण अर्ज करण्याआधी तुम्ही घरी बसून करा. एका दुपारचं काम आहे.

जुन्या विद्यापीठाचा तुमच्या बॅचला लागू असलेला सिलॅबस घ्या. चालू वर्षाचा नको, तुमच्या प्रवेशवर्षाचा हवा. नव्या विद्यापीठाचा घेताना उलटं करा. ज्या बॅचमध्ये तुम्ही जाऊन बसणार, तिचा सिलॅबस घ्या. ती बॅच तुमच्याच वर्षाची असते, त्यामुळे आज पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा नवा अभ्यासक्रम तुमच्या कामाचा नाही. वेबसाइटवर सगळ्यात वर नवाच टाकलेला असतो आणि लोक तोच छापून आणतात.

मग एका मोठ्या कागदावर पाच रकाने पाडा: जुना विषय, त्याचे क्रेडिट, नवा विषय, त्याचे क्रेडिट, आणि काय सुटलं. क्रेडिट मोजायची एआयसीटीईची रीत सोपी आहे. आठवड्याला एक तास लेक्चर किंवा ट्युटोरियल म्हणजे 1 क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे 1 क्रेडिट. समजा जुन्या ठिकाणी बेसिक इलेक्ट्रिकलची तीन लेक्चर आणि दोन तासांचं प्रॅक्टिकल होतं, तर 4 क्रेडिट झाले. नव्या ठिकाणी त्यावर एक ट्युटोरियल असेल तर 5. असा एका क्रेडिटचा फरक समिती बहुधा सोडून देते किंवा छोटं काम देऊन भरून घेते. किती साम्य पुरेसं मानायचं ते मात्र प्रत्येक विद्यापीठ आपलं ठरवतं.

विषयाच्या नावावर जाऊ नका. आतली युनिटं वाचा. गणितात हमखास फसगत होते. एका विद्यापीठात मॅट्रिक्स पहिल्या सेमिस्टरला आणि लाप्लास तिसऱ्याला, दुसरीकडे लाप्लास दुसऱ्यालाच उरकलेलं आणि मॅट्रिक्स नंतर. दोन्हीकडे विषयाचं नाव "मॅथेमॅटिक्स" आणि पुढे आकडा. अशा वेळी मुलगा एक भाग दोनदा शिकतो आणि दुसरा कधीच शिकत नाही. मार्कशीट स्वच्छ दिसते, आणि पुढे कंट्रोल सिस्टिम्सच्या वर्गात त्याला कळतं की काहीतरी राहून गेलंय.

प्रोग्रामिंगचंही तसंच. पहिल्या वर्षी कुठे सी शिकवतात, कुठे पायथन. क्रेडिट जुळतात, समिती मान्यताही देते. पण तिसऱ्या सेमिस्टरच्या डेटा स्ट्रक्चर्सला सर पॉइंटर आणि लिंक्ड लिस्टपासून सुरुवात करतात, आणि पायथनवाला मुलगा पहिल्या आठवड्यात गांगरतो. कागदावर न दिसणारी ही फट उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतः भरायची असते.

आणखी एक जागा आहे जी कोणीच बघत नाही: बिनक्रेडिटचे सक्तीचे विषय. भारतीय राज्यघटना, पर्यावरण विज्ञान, भारतीय ज्ञानपरंपरा असे विषय एआयसीटीईच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात आहेत. त्यांचे गुण सीपीआयमध्ये, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांच्या एकत्रित सरासरीत, धरत नाहीत, म्हणून मुलं त्यांना विषयच समजत नाहीत. पण पदवीसाठी ते पास असावे लागतात. जुन्या ठिकाणी ते दुसऱ्या वर्षाला असतील आणि नव्या ठिकाणी पहिल्याला झालेले असतील, तर बदलून आलेल्या मुलाच्या खात्यात ते नसतात, आणि हे आठव्या सेमिस्टरला उघड होतं. समाजकार्य, एनएसएस वगैरेंतून मिळणारे अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंटही असेच. चार वर्षांच्या विद्यार्थ्याला 100 आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याला 75 अशी एआयसीटीईची योजना आहे. निघण्याआधी जमा पॉइंटांचं सहीशिक्क्याचं पत्र घ्या.

त्याच नमुना अभ्यासक्रमात पूर्ण पदवी 160 क्रेडिटची धरली आहे. नव्या विद्यापीठाचा एकूण आकडा काय, आणि तुमचे मान्य झालेले क्रेडिट अधिक तिथे उरलेले सेमिस्टर यांची बेरीज त्याला पोचते का, ते शेवटच्या ओळीत मांडून बघा. पोचत नसेल तर कोणत्या सेमिस्टरला कोणता जादा विषय बसणार, हे समितीला विचारण्याइतके तुम्ही तयार असता. हा पाच रकान्यांचा कागद अर्जाला जोडलात तर समितीचं काम हलकं होतं आणि निर्णय लवकर लागतो. तो विभागप्रमुखांना नेऊन दाखवा. चहा पिऊन होईपर्यंत ते सांगतात की कुठे अडणार आहे.

अपार आणि अकॅडमिक बँक: त्याने काय होतं, काय होत नाही

2021 पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, आणि अपार हा तिच्याशी जोडलेला विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. डिजिलॉकरमधून खातं उघडता येतं. "आता क्रेडिट बँकेत आहेत, कुठेही नेता येतात" असं मुलं सांगतात. बँक तुमचे क्रेडिट जपून ठेवते, प्रवेश देत नाही. जागा, पात्रता, विषयांची जुळणी हे सगळं नव्या विद्यापीठाच्याच हातात राहतं. शिवाय यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाप्रमाणे ज्या संस्थेकडून पदवी घ्यायची, तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात, आणि बँकेतल्या क्रेडिटचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षं. निम्म्याच्या या अटीचा सरळ अर्थ असा, की दोन वर्षांच्या पुढे गेल्यावर बदलीची वाट जवळपास बंद होते.

खात्यावर नाव, जन्मतारीख, आधार एकसारखं आहे ना ते आजच बघा. बडोद्यातल्या मराठी घरांत ही खास अडचण आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावामागे गुजराती वळणाने "भाई" लागलेला. नंतर दुरुस्त करण्यापेक्षा आधी करा.

बॅक असेल तर

स्पष्ट सांगतो: बॅक, म्हणजे नापास राहिलेला विषय, असताना बदलीचा अर्ज बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. एटीकेटीने वरच्या वर्गात जाता येतं ही सवलत त्या त्या विद्यापीठापुरती असते. आधी रेमिडियल, म्हणजे राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा, द्या, निकाल लागू द्या, मग अर्ज. रिचेकिंगचा निकाल बाकी असेल तर तेही थांबा, कारण जुळणी एकदा झाल्यावर मार्कशीट बदलली की सगळं पुन्हा मांडावं लागतं.

ग्रेडचं रूपांतर हाही एक काटा. जीटीयूत सीपीआयमधून 0.5 वजा करून 10 ने गुणतात, म्हणजे 7.2 चे 67 टक्के. काही विद्यापीठं सरळ दहाने गुणतात, तिथल्या मुलाचे त्याच 7.2 चे 72 टक्के होतात. गुणवत्तायादीत हे पाच टक्के पुष्कळ असतात. म्हणून टक्केवारी स्वतः काढून फॉर्मवर लिहू नका. विद्यापीठाचं रूपांतराचं प्रमाणपत्र जोडा आणि त्यातलाच आकडा लिहा.

क्रमाने काय करायचं

उन्हाळी परीक्षेआधी, म्हणजे एप्रिलच्या सुमारास, नव्या ठिकाणच्या अकॅडमिक विभागात जाऊन किंवा लेखी ईमेल करून तीन गोष्टी विचारा. बदलीचा नियम कोणत्या परिपत्रकात आहे, अर्ज कधी निघतात, आणि तुमच्या ब्रांचमध्ये जागा रिकामी व्हायची शक्यता किती. तोंडी "हो, होईल" यावर काही उभारू नका.

निकाल लागला की त्याच आठवड्यात ट्रान्सक्रिप्ट आणि प्रमाणित सिलॅबससाठी अर्ज टाका. सिलॅबसच्या प्रत्येक पानावर शिक्का हवा की नुसत्या पहिल्या पानावर चालतो, ते नव्या ठिकाणी आधी विचारून घ्या. यावरून अर्ज परत येतात.

मग जुन्या कॉलेजची एनओसी. अर्ज इंग्रजीत, एका पानाचा, पालकांच्या सहीसकट. कारण दोन ओळींत, तक्रार एकही नाही. एनओसी म्हणजे "गेला तर हरकत नाही" एवढंच. ती घेतल्याने तुमची जुनी जागा जात नाही. टीसी म्हणजे नाव कमी झालं. या दोन कागदांत मुलं घोटाळा करतात, आणि काही क्लार्कही एनओसी मागितली की टीसीचा फॉर्म पुढे सरकवतात. फॉर्मचं शीर्षक वाचून सही करा.

एनओसी, ट्रान्सक्रिप्ट, सिलॅबस, तुमचा पाच रकान्यांचा कागद, दहावी-बारावीच्या मार्कशीट, प्रवेशाच्या वेळचं एसीपीसीचं पत्र, बोनाफाइड आणि कारणाचा पुरावा एवढं जोडून अर्ज द्या. आवक नंबर घ्या. समितीचा निर्णय लेखी येऊ द्या. त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणत्या सेमिस्टरला प्रवेश, कोणते विषय मान्य, कोणते जादा द्यायचे. या पत्राशिवाय टीसी काढू नका. "तुम्ही टीसी आणा, मग बघू" असं कोणी म्हटलं तर पत्राची मागणी पुन्हा लेखी करा. या एका ठिकाणी मी कोणालाही सवलत घेऊ देत नाही, कारण टीसी काढलेला आणि नव्या ठिकाणी न घेतलेला मुलगा दोन्हीकडचा राहत नाही.

पत्र आलं की टीसी, मग विद्यापीठाचं मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र. विद्यापीठ बदलत नसेल, म्हणजे जीटीयूतून जीटीयूत, तर मायग्रेशन लागत नाही. बाहेरच्या विद्यापीठातून किंवा बोर्डातून येणाऱ्याला गुजरातमधली काही विद्यापीठं पीईसी, म्हणजे तात्पुरतं पात्रता प्रमाणपत्र, मागतात. एमएसयूत येणाऱ्यांनी ते आधी विचारून ठेवावं, प्रवेशाच्या दिवशी धावाधाव नको.

पैसे

यूजीसीच्या ऑक्टोबर 2018 च्या सूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून फीच्या 5 टक्के किंवा 5,000 रुपये, जे कमी असेल तेवढंच प्रक्रियाशुल्क कापता येतं. पंधरा दिवसांहून कमी उरले असताना सोडला तर 90 टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांत 80, तीस दिवसांपर्यंत 50, त्यानंतर काही नाही. एसीपीसीच्या फेरीतला प्रवेश रद्द करायला त्यांचे स्वतःचे नियम आणि तारखा आहेत, तेही बघा. म्हणजे बदलीचा निर्णय लांबला तर एका वर्षाची फी दोन ठिकाणी भरायची तयारी ठेवा. मूळ मार्कशीट अडकवून ठेवणं किंवा उरलेल्या वर्षांची फी आधी भरायला लावणं, दोन्ही त्याच सूचनेत मना आहे. कोणी असं केलं तर भांडू नका. त्या सूचनेची प्रत जोडून लेखी अर्ज द्या. तोंडी भांडणापेक्षा तो लवकर लागू पडतो.

एमवायएसवाय, म्हणजे गुजरातची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना ही शिष्यवृत्ती, घेणाऱ्यांनी जपून. बारावीला 80 पर्सेंटाइल आणि सहा लाखांच्या आत उत्पन्न या अटींवर ती मिळालेली असते, आणि दरवर्षी नूतनीकरणाला 75 टक्के हजेरी आणि 50 टक्के गुण लागतात. बदलीच्या धावपळीत हजेरी पडते, आणि एक नूतनीकरण चुकलं की पुढची वर्षं हातची जातात. कॉलेज बदलल्याची नोंद मदत केंद्रावर वेळेत करा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेने ते त्या कॉलेजच्या आणि त्या फीच्या हिशोबाने मंजूर केलेलं असतं. नव्या प्रवेशाचं पत्र मिळताच शाखेत जा, पुढचा हप्ता जुन्या कॉलेजच्या खात्यात जायच्या आत.

पुण्याला जायचं म्हणणाऱ्यांसाठी

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या घरांतून हा विषय दर जूनमध्ये निघतो. पुण्यात आत्या आहे, राहायची सोय आहे, आणि "आपण मराठीच आहोत, तिकडे काय अडचण?" मराठी असण्याचा प्रवेशाशी संबंध फक्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मुलांना आहे, त्यांच्यासाठी वेगळा प्रवर्ग आहे. बडोद्याच्या मुलाला तो लागू नाही. त्याची दहावी-बारावी गुजरातची असली तरी आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर तो महाराष्ट्राच्या बी प्रवर्गात बसतो. पण तीन पिढ्या बडोद्यात गेलेल्या घरात ते बहुधा नसतं, आणि काकांकडे असून उपयोग नाही. मग उरतो बाहेरच्या राज्याचा उमेदवार म्हणून अखिल भारतीय जागांचा मार्ग, तोही जेईई मेनवर, किंवा संस्थेच्या स्वतःच्या जागा. गुजरातचा जातीचा दाखलाही तिकडच्या राखीव जागेला चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या फी-सवलती अधिवासाशी बांधलेल्या आहेत. हा सगळा हिशोब करून मग आत्याला फोन करा.

दुसऱ्या वर्षाला सरळ बदली हवी असेल तर तिथल्या विद्यापीठाचा पात्रता विभाग आणि अभ्यासमंडळ यांचा निर्णय लागतो. त्याला वेळ लागतो आणि तोवर तिथलं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. वडिलांची नोकरीच पुण्याला गेली असेल तरच मी या भानगडीत पडायला सांगेन.

परदेशी जायचं असेल तर

थोडक्यात. अमेरिकेत आणि कॅनडात बदली हा रोजचा प्रकार आहे. तिथे प्रत्येक विषयाचं सविस्तर वर्णन मागतात, त्यामुळे प्रमाणित सिलॅबस इथेही कामाचा. चांगला ग्रेड असलेले गणित आणि प्रयोगासह भौतिकशास्त्र हे सहसा मोजले जातात, वर्कशॉप आणि ड्रॉइंग क्वचित. जर्मनीसाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं. उलट, बाहेरचं शिक्षण घेऊन इथे परत यायचं झालं तर त्या शिक्षणाची अधिकृत समकक्षता घ्यावी लागते, ती परतायच्या आधीच सुरू करा.

नव्या ठिकाणी गेल्यावर पहिला महिना

एनरोलमेंट नंबर मिळाला की अकॅडमिक बँकेत नवी संस्था दिसते का ते पाहा. जादा विषयांचे परीक्षा फॉर्म वेगळे भरावे लागतात, ते आपोआप येत नाहीत. पहिल्या अंतर्गत परीक्षेआधी विभागातून ती यादी लेखी घ्या. उशिरा दाखल झालात तर हजेरी कोणत्या तारखेपासून मोजणार, तेही लिहून घ्या. नाहीतर टर्म ग्रँट होताना, म्हणजे हजेरी बघून परीक्षेला बसू देताना, पहिल्या दिवसापासून गैरहजेरी लागते.

आणि शेवटच्या मार्कशीटवर सीजीपीए कोणत्या सेमिस्टरांचा येणार, ते परीक्षा विभागाला विचारा. काही विद्यापीठं जुने ग्रेड धरतात, काही फक्त आपल्याकडचेच, आणि जुन्या विषयांपुढे नुसतं "मान्य" लिहितात. कंपन्यांच्या फॉर्मवर पहिल्या सेमिस्टरपासूनचे आकडे मागतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. जुन्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टच्या दोन जादा सीलबंद प्रती टीसी काढतानाच घेऊन ठेवल्या तर सातव्या सेमिस्टरला त्यासाठी पुन्हा खिडकीपुढे उभं राहावं लागत नाही.